डावा कान

३ मार्च

खोली रिकामी करायची आहे. पीएच.डी.ची तिघं, तीन विभागांची, इतकी वर्षं एकाच खोलीत कोंबलेली! इंजिनिअर, कानांची डॉक्टरीण आणि मी, समाजशास्त्रवाली. प्रश्न एकच – कापड गिरणीतल्या बाया कानात बोळे का ठेवत नाहीत?

पहिली बैठक आठवून एकटीच हसले. तासभर 'आवाजा'वरून वाद. इंजिनिअरचा आवाज म्हणजे यंत्रांची धडधड, माझा म्हणजे बायांचं म्हणणं! शेवटी आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, आधी महिनाभर एकमेकांची कामं करा, मग भांडा.

४ मार्च

आवरताना जुना फोटो सापडला. मी आवाज मोजायचं मीटर धरून उभी. इंजिनिअर बायांच्या गप्पा लिहून घेतोय – चेहरा असा, की एरंडेल प्यायलाय. काय दिवस होते!

७ मार्च

आज कपाट आवरताना डॉक्टरणीने तपासण्यांचे जुने कागद काढले. सगळ्या बायांचा डावा कान जास्त गेलेला. इंजिनिअर तेव्हा म्हणाला होता, आवाज दोन्हीकडून सारखाच आहे, तुझं यंत्र बिघडलंय. झालं – दोघांचा अबोला. दोघांची गाऱ्हाणी जेवताना मीच ऐकायची.

आणि एकदा घास हातातच राहिला. जोडीने काम करणाऱ्या दोघी उलट्या दिशांना तोंड करून उभ्या, म्हणून दोघींनाही जोडीदारीण डाव्या हाताला असते! तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून बाया तेवढाच बोळा काढतात. मी ते रोज बघत होते. मला ती नुसती मैत्री वाटत होती.

अबोला त्या ताटावरच संपला.

१९ मार्च

डाव्या कानाचं हे प्रकरण तिघांच्याही प्रबंधात आहे. प्रबंध तपासणाऱ्या समितीला ते एकाच्याच प्रबंधात हवं. एक ज्येष्ठ म्हणाले, "एका म्यानात तीन तलवारी कशा राहतील?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तलवारी नाहीत, तिपाईचे पाय आहेत. कुठला काढू?"

निर्णय नंतर कळवणार.

२ एप्रिल

मान्य! अट – कोणी काय केलं ते प्रत्येकाने वेगळं लिहायचं. लिहायला बसलो तर तिघांनाही आठवेना, कुठलं वाक्य कोणाचं.

६ मे

डॉक्टरीण मोठ्या हॉस्पिटलात जाणार, इंजिनिअर कंपनीत. मला आमच्याच विभागात प्राध्यापकी. विभागप्रमुख म्हणाले, आता इकडेतिकडे न फिरता आपला विषय करा. आईने आनंदाने सगळ्या मावश्यांना फोन केले.

खोलीची किल्ली दिली.

२१ मे

डॉक्टरणीचा फोन. हॉस्पिटलात रुजू झालेली नाही. गिरणीच्या फाटकासमोर दोन खोल्या बघितल्यात – बायांचे कान तपासायला. जोडीदारणीचं बोलणं ऐकू येईल असे बोळे इंजिनिअर करून बघणार म्हणे. मग म्हणाली, "बायांशी बोलणार कोण? आम्हाला सरळ उत्तर देतात कुठे त्या!"



२२ मे

प्राध्यापकीला नकार देऊन आले. आईला अजून सांगायचंय.