कझिनचा काटा

३ फेब्रुवारी १९३६, भोर.
इंग्रजी शोकांतिका एकदाची वाचून संपवली. नायक म्हणजे वाघ. चार दिवसांत प्रेम, लग्न, मुलीच्या कझिनचा मुडदा, मग विष. मला कचेरीत चार दिवसांत एक नक्कल काढून होत नाही. लोक त्याला उतावळा म्हणतात. म्हणोत. विष तेवढं चुकलं, बाकी सगळं तसंच करायचं. निश्चय.

४ फेब्रुवारी.
नीरेच्या घाटावर वकिलांची कुंदा प्रथमच माझ्याशी बोलली. पाय काढा, धुणं आहे, म्हणाली. आवाज कापत होता. पाणी गार होतं हे खरं, पण तेवढ्याने आवाज कापत नाही.

६ फेब्रुवारी.
कझिन सापडला. वेल्ह्याचा मधू, जंगलखात्यातला. वकीलसाहेबांनी कचेरीत ओळख इंग्रजीतून करून दिली: माझ्या मुलीचा कझिन. म्हणजे भाऊ. मुक्काम त्यांच्याच घरी. बहिणीवर काय हा पहारा. याचा काटा काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

७ फेब्रुवारी.
घरातली तलवार म्यानातून निघेना. म्हणून तालमीत रखमाजीकडे काठी शिकायला गेलो. पहिला तडाखा माझ्याच नडगीवर. रखमाजी म्हणतो, डोळं मिटू नगा. मी मिटत नाही, चित्त एकाग्र करतो.

९ फेब्रुवारी.
मधूला चिठ्ठी धाडली. उद्या सकाळी सहा, उत्रोलीचा रस्ता.

१० फेब्रुवारी, दुपारी. दवाखाना.
डाव्या हाताने लिहितो आहे. मधू रिकाम्या हाताने आला, वर विचारतो, काम काय होतं. पहिल्याच घावात त्याचं कपाळ फोडलं. रक्त डोळ्यांत, मिशांवर, सदऱ्यावर. मी घाबरलो नाही, जरा खाली बसलो. तेवढ्यात त्याने काठी हिसकली. ती माझ्या हातावर मोडली की हात काठीखाली, नीट आठवत नाही. माझे दोन दात खाचरात गेले. मग छातीवर बसून बुकलत राहिला. दर बुक्कीला विचारी, का? तोंडात माती, उत्तर देणार कसं? सामना बरोबरीत सुटला. उत्रोलीच्या सोनबाने दोघांना एकाच बैलगाडीत घालून आणलं.

११ फेब्रुवारी.
मधू शेजारच्याच खाटेवर. आठ टाके. कुंदा आली ती आधी त्याच्याकडे गेली. लोकलज्जा. मग माझ्याकडे वळली. मी उठून बसलो.
“तुम्ही कोण? ह्यांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?”
नाव ठाऊक नाही, एक वेळ चालेल. पण ‘ह्यांनी’? भावाला कोणी ‘ह्यांनी’ म्हणत नाही.
कंपाउंडर गेनूने सांगितलं: मधू तिचा आतेभाऊ, साखरपुडा दिवाळीतच झालाय. आम्हा कोकणस्थांत मामेबहीण ती बहीणच. या देशस्थांत पहिली सोयरीक तिच्याशी. इंग्रजीत आते, मामे, चुलत, सगळे कझिन. चूक त्या भाषेची.

१ मार्च.
वैशाखातलं लग्न मधूच्या डोक्याच्या माराच्या धास्तीने आजच उरकलं. म्हणजे दोन महिने आधी, माझ्यामुळे. झोळीतला हात सांभाळत गेलो. आहेराचा नारळ घेऊन पुढे झालो, तर कुंदा झटकन मधूच्या पुढे येऊन आडवी उभी राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, हातातल्या नारळाकडे बघत होती. कुणाला माझी अशी भीती वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं. नारळ खाली ठेवला आणि न जेवता घरी आलो.