चौथ्या ओळीचा हक्क

प्रिय गोगलगाय यास,

टक, टक; मग श्वासापुरती जागा; आणि टक. आठवतं? मास्तरांची लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवर अशी वाजायची आणि सगळा वर्ग यतीवर थांबायचा. (तू सोडून. तू तिथवर पोचलेलाच नसायचास, म्हणून तर हे नाव.) असो. बाकावरच्या शेजाऱ्याचा सप्रेम नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वहिनींचा मोतीबिंदू काढला का? काढला असेल तर तू त्यांना आता स्पष्ट दिसत असशील. माझी सहानुभूती कळव. (त्यांना.) इकडे सर्व क्षेम आहे असं पुढे लिहायचं असतं, पण या खेपेस तेवढ्या एका वाक्यापाशी पेन अडून बसलंय, म्हणून ते गाळून पुढे जातो.

निवृत्तीनंतर मी इंटरनेटवर ‘आपल्या वर्गाचा फळा’ काढला हे तुला ठाऊकच आहे. आपल्यातल्या कुणीही शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी आणि तिथं चढवावी. टकली, कवळीवाली, दमेकरी अशी सगळी मंडळी काय म्हणतात म्हणून सांगू! कवळी सैल असली की ‘श’ची शिट्टी होते, पण चाल मात्र तीच, हातवारे केल्याचासुद्धा आवाज येतो. फळा काढला तेव्हा माझ्या वकील पुतण्यानं (फी घेत नाही, म्हणून वाटेल ते बोलतो) मला समोर बसवून समजावलं, की काका, कायद्याच्या लेखी तुम्ही नुसती भिंत आहात. भिंतीवर कुणी दुसऱ्याची कविता डकवली तर भिंतीला कोर्टात खेचत नाहीत. पण त्यासाठी भिंतीसारखं वागावं लागतं. तक्रार कुठं करायची तो पत्ता जाहीर करायचा, कविता ज्याची आहे त्याची तक्रार आली की ती मुकाट्यानं उतरवायची, आणि एरवी काही ऐकायचं नाही, काही बोलायचं नाही. पत्ता मी तत्परतेनं टाकला, घराचाच. खाली लिहिलं, ‘चारनंतर घरी असतो. घंटी बिघडली आहे, दार वाजवावे.’ न ऐकणं आणि न बोलणं मात्र जमेना. अरे, कविता ऐकून गप्प बसणारा माणूस भिंत नव्हे, दगड! मी प्रत्येकाला दहापैकी गुण देऊ लागलो. पुतण्याला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. ‘काका, फळा व्हा म्हटलं होतं, मास्तर व्हायला कुणी सांगितलं!’

आता ऐक. मागच्या पंधरवड्यात फळ्यावर एक नवी ध्वनिफीत आली. चढवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब. मी चहाचा कप घेऊन ऐकायला बसलो. आधी बाक सरकल्याचा आवाज, मग टक, टक, आणि टक. आणि मग आपला वर्ग, गोगलगाय. आत्ताचा नव्हे, तेव्हाचा. सगळ्यांचे कोवळे गळे, तुझा सगळ्यांच्या मागून. कविता मास्तरांनी स्वतः केलेली, कुठं न छापलेली, फक्त आपल्याच वर्गाला शिकवलेली:

कुणी दार ठोठावितो सांजवेळी,
म्हणे, मी तुझा. ओळखीना कसा तू?
दिवा लाव, घे आत, बाहेर थंडी…

चौथ्या ओळीला मास्तर मला एकट्याला उभं करतात आणि इथं मी अडखळतो. ऐकताना माझे कान तापले, या वयात! चौथी ओळ ‘कधीचा उभा मी, कडी काढ आता’. ती मला सुचेना. पट्टी वाजली. आणि वर्गाच्या बंद दाराबाहेरून एक बारीक आवाज आला, ‘कधीची उभी मी, कडी काढ दादा!’ ती आमची ठकी. खालच्या वर्गाला लवकर सुट्टी व्हायची, एकटीनं घरी जायला भ्यायची, म्हणून माझी वाट बघत रोज दाराबाहेर उभी असायची. अख्खा वर्ग हसला. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी पट्टीनं ओळ मोजून पाहिली आणि म्हणाले, ‘वृत्तात बसते. माझ्यापेक्षा बरी आहे. इथून पुढं हीच म्हणायची.’ ध्वनिफीत इथंच संपते.

त्याच वर्षी ठकी तापानं गेली, तुला ठाऊक आहे. तिचा एक फोटो आहे, त्यात ती हलली म्हणून चेहरा पुसट आलाय. आवाज तर कुणाजवळच नव्हता. असणार कसा? आपल्या शाळेत आवाज करणारं एकच यंत्र होतं, घंटा. आणि आवाज साठवून ठेवणारं एकही नव्हतं. हे मला त्या दुपारी सुचायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच, की खाली लिहावं: ‘ही माझी बहीण. दहापैकी दहा.’

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. ‘सदर कविता माझी असून माझ्या परवानगीवाचून लावली आहे. उतरवावी.’ खाली मास्तरांची सही, शेवटच्या अक्षराला ती बदकाच्या शेपटीसारखी वेलांटी. मास्तरांच्या अंत्ययात्रेला आपण दोघंही होतो. (तुझ्या चपलेचा पट्टा तुटला म्हणून तू मागं राहिलास, पण पोचलास.) पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, माणूस गेला तरी त्याचा हक्क पुढं कित्येक वर्षं जिवंत असतो, वारसानं सही केली असेल. मी म्हटलं, मास्तरांना मागंपुढं कुणी नव्हतं. तो म्हणाला, ‘काका, सही कुणाचीही असो, तुम्ही उतरवा. खाली “ही माझी बहीण” लिहून बसलायत, आता मला ठाऊकच नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही. ठेवलंत तर जिथं फळा टांगलाय ती कंपनी अख्खा फळाच काढून टाकेल.’ म्हणजे ठकीचा एक आवाज, नाहीतर तुम्हा सगळ्यांचे.

मी दिवसभर तेवढी एक ओळ पुन्हा पुन्हा ऐकली. मग उतरवली. खरं सांगतो, दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून फळ्यावरच्या बाकी सगळ्या कवितांत, ओळीओळींच्या मधे, मागं कुठंतरी पट्टी वाजते. तूच तुझी ऐकून बघ. कवळीवाल्यांनाही आता यती बरोबर सापडते आहे.

कळावे, लोभ आहेच.
तुझा,
चौथी ओळ विसरणारा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. पुतण्या म्हणतो, ज्यानं चढवलं त्यानं ‘हे मी चढवलं आणि मला तसा हक्क आहे’ असं लिहून दिलं आणि तक्रार करणारा ठरलेल्या मुदतीत कोर्टात गेला नाही, तर मला ती फीत परत लावता येते. मास्तर कोर्टात जातील असं वाटत नाही. तर ते टिंब तूच आहेस असं लिहून दे. नसलास तरी दे. (असलास तर मात्र कुठून आणलीस ते आधी सांग.) उगाच महिनाभर लावू नकोस.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तोच फळ्यावर मास्तरांची दुसरी तक्रार येऊन पडली. तक्रार कसली, शेरा आहे. ‘उतरवलेस, ठीक. माझा हक्क तीन ओळींपुरता. चौथी माझी नव्हे. जिची आहे तिला कळवले आहे. पत्ता तू दिलेलाच आहेस.’ पुतण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मी ऑफिसातून परस्पर तिकडेच येतो, तोवर कुणाला काही कबूल करू नका. चार कधीच वाजून गेलेत. बाहेर अंधारून येतंय, जिन्यातला दिवा अजून कुणी लावलेला नाही.

ता. क. तिसरं. दार वाजतंय. टक, टक, जरा थांबून, टक. पुतण्या नव्हे, तो मुठीनं दणादणा हाणतो आणि वर हाकाही मारतो. मास्तरही नव्हेत, मास्तर उंच होते. हा आवाज कडीच्या बराच खालून येतोय. पहिल्या ता. क.मधली विनंती रद्द समज, काही लिहून देऊ नकोस. बाहेर थंडी आहे. मी कडी काढायला उठतो.