लॅमिनेट केलेलं बिल आणि तुझी राहिलेली सही

अत्लिस्को, १२ मार्च

प्रिय दादा,

धाकट्या ओब्दुलियाचा नमस्कार. तिकडे तिहुआनात तू, वहिनी आणि तुझा गुडघा, तिघंही ठीक असाल असं धरून चालते. इकडे आई एक्क्याऐंशीची झाली, पण मिरची अजून पाट्यावरच वाटते आणि माझ्या हातच्या मोले रश्श्याला नावं ठेवते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आठ वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकांना काही लिहिलेलं नाही, तेव्हा पाकीट जाड बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. पिकअप तेवढी जायच्या बेतात आहे.

तू ती क्रिस्पिनला विकलीस तो दिवस तुला आठवत असेल (नाही म्हणालास तरी मी मानणार नाही). मूळ बिल मागे सही करायला टेबलावर पालथं ठेवलेलं, तू पेनाचं टोपण काढलेलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या या नवऱ्याला बोलायचं सुचलं, की तिसरा गिअर जरा अडकतो. "गिअर नाही, तुझं डोकं अडकतं," म्हणून तू टोपण लावलंस, किल्ल्या आपटल्यास आणि निघालास, तो थेट सरहद्दीपर्यंत. गाडी आमची झाली, सही राहिली. त्यामुळे नोंदणीपत्र अजून तुझ्या नावावर आहे आणि नंबरपाटीची वार्षिक फीही मी तुझ्याच नावाने भरते. दर जानेवारीत पावतीवर छापून येतं, 'श्री. एवारिस्तो, वेळेवर भरल्याबद्दल आभार.' (उभ्या जन्मात तू काही वेळेवर भरलेलं नाहीस. ही अब्रू मी कमावलेली आहे.)

असं आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण यंदा नव्या पाट्या निघाल्या. मार्चअखेर जुन्या परत करायच्या, आणि बरोबर मूळ बिल न्यायचं, पहिल्या मालकापासून आजपर्यंत ज्याने ज्याने गाडी पुढे दिली त्याच्या सहीसकट. एप्रिलपासून जुन्या पाटीची गाडी दिसली की क्रेन उचलणार. मग रोपवाटिकेतली फुलं मी काय डोक्यावरून बाजारात नेऊ?

तर बिल घेऊन आम्ही दोघं वाहन ऑफिसच्या खिडकीशी गेलो. मागच्या बाजूला काय वैभव आहे म्हणून सांगू! सर्वांत वर गुरांच्या डॉक्टरची सही, औषधाच्या चिठ्ठीसारखी. मग पाद्रेबुवा, त्यांनी हक्क सोडताना अर्धं पान आशीर्वाद लिहिलाय. मग बँडवाला, ज्याने तुला गाडी दिली. आणि खाली चार बोटं कोरी जागा, तुझी. कारकून बाईंनी त्या जागेवर नख वाजवलं. टक टक. क्रिस्पिनने बिल लॅमिनेट करून ठेवलं होतं! ऑफिसच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडून, आणि वर मला अभिमानाने सांगतो, "भिजू नये म्हणून." (या माणसाने आमच्या लग्नाचा दाखला आणि कुत्र्याच्या लसीचं कार्डही लॅमिनेट केलेलं आहे. लग्न त्यामुळेच टिकलं, असं त्याचं म्हणणं.) बाई म्हणाल्या, "साहेब, आता देव स्वतः सही करायला आला तरी पेन घसरेल."

घरी येऊन क्रिस्पिनने इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. प्लास्टिक सुटलं, बरोबर पाद्रेबुवांचा आशीर्वादही गेला. आता बिलावर सहीचा प्रश्नच उरला नाही. तू स्वतः ओळखपत्र घेऊन खिडकीपुढे उभं राहायचं आणि सांगायचं, की गाडी मी माझ्या बहिणीच्या घरी दिली. दुसरा मार्ग नाही. गिअर पहिल्यापासून उत्तम होता, हे क्रिस्पिनने माझ्यासमोर कबूल केलं आहे. (अजून अडकतो. पण तो बोलणार नाही, मी बघते.)

तुझी,
ओब्दुलिया

ता. क. वहिनीलाही आण. खोली झाडून ठेवली आहे.

आणखी ता. क. आईला मी काही सांगितलं नव्हतं, क्रिस्पिन बोलून बसला. तिने त्याच संध्याकाळी तू येशील त्या दिवशीच्या मोलेसाठी टर्की निवडली आणि ती पुष्ट व्हावी म्हणून तिला अक्रोड भरवायला सुरुवात केली. पाचच्या बसची वेळ झाली की खुर्ची दाराकडे फिरवून बसते, आणि विचारलं तर म्हणते, ऊन घेतेय.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहिते. तुला फसवायला जीव धजत नाही. नोटरीपुढे सही केलेलं तुझं चार ओळींचं पत्र कुरिअरने आलं तरी काम होतं, हे त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हापासून गप्प आहे. क्रिस्पिनला माहीत नाही, आईलाही नाही. मला पाट्यांपेक्षा तू हवा आहेस, दादा. (पाट्याही हव्यात.) तेव्हा पत्र पाठवायचं तर खुशाल पाठव. पण तू येत नाहीस हे आईला फोन करून तूच सांगायचंस. मी सांगणार नाही.