साडेसतरा खांदा आणि साठचं हँडल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना पाठ कटकन वाजली. कारण खाली येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला उतरला का? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेले पंधरा दिवस मला धड जेवण जात नाही, आणि त्याचं कारण आहे सायकलचं हँडल.

झालं असं, की गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांचे रिपोर्ट पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि रोज व्यायाम करा म्हणून सांगितलं. नुसतं चालणं कंटाळवाणं, असं तुझ्या भावजयीचं मत पडलं. तिनं परस्पर स्वतःसाठी सायकल आणली. आता रोज सकाळी सहाला ती सायकल घेऊन बाहेर पडते आणि सातला घामाघूम होऊन परत येते. वर, येत्या रविवारी दोघांनी तळ्यापर्यंत जायचं, असं तिनं जाहीरच करून टाकलं आहे. तेव्हा मलाही सायकल घेणं आलं. सायकलवाला माझ्या शिवणाच्या दुकानापासून चौथा. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, तुमचा खांदा किती? ताई, एकतीस वर्षं मी गावाचे खांदे मोजतोय. (या हाडापासून त्या हाडापर्यंत, श्वास सोडून. लोक पोट आत घेतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण खांदेही फुगवतात.) मी ऐटीत सांगितलं, साडेसतरा इंच. तो म्हणाला, म्हणजे चव्वेचाळीस सेंटिमीटर, रेसच्या वळलेल्या हँडलला तेवढंच लागतं. मग मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून म्हणाला, पण तुम्हाला सरळ हँडल बरं, आणि त्याचं माप निराळं.

त्यानं जे समजावलं त्यानं माझी झोपच उडाली. हँडल फार रुंद असलं तर हात फाकतात, मान भरून येते आणि दोन मोटारींच्या मधून जाताना टोकं अडकतात. फार अरुंद असलं तर छाती आवळते, दम लागतो आणि खड्ड्यात चाक हाताबाहेर जातं. म्हणजे माणूस पडायचा तो पडणारच, कुठल्या कारणानं ते फक्त आपण निवडायचं. योग्य रुंदी कशी काढायची विचारलं, तर म्हणाला, जोर काढायला जमिनीवर हात टेकतो तसे टेका, तळवे जिथे सहज पडतील तेवढं हँडल. मी खिशातला शिवणाचा खडू त्याच्या हाती दिला आणि दुकानाच्या मधोमध पालथा झालो. पहिल्या खुणा तेवीस इंचांवर आल्या. खात्रीसाठी पुन्हा टेकलो, तर सव्वीस. (फरशीवर तेल होतं.) तिसऱ्यांदा टेकलेला असताना समोर पॉलिश केलेले बूट येऊन थांबले. बूट बँकेच्या मॅनेजरांचे होते. त्यांचा कोट तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे, आणि कंबर धरल्यामुळे उठवत नाही असं मी त्यांना सकाळीच कळवलं होतं. मी पडल्या पडल्याच त्यांना नमस्कार केला, कारण तेव्हा मला खरोखरच उठवत नव्हतं.

शेवटी साठ सेंटिमीटरचं हँडल ठरलं. सायकलवाला म्हणाला, एक चक्कर मारून या. मी म्हटलं, मुठी जाड वाटतात. त्यानं मुठी बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, एक चक्कर मारून या. मी म्हटलं, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत. त्यानं ब्रेक सरकवले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आमचा जिना अरुंद आहे, हँडल कठड्याला घासेल. तेव्हा त्यानं करवत काढली आणि दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर कापलं. चौथ्या दिवशी आणखी एकेक. पुढं मात्र त्यानं हात आखडता घेतला. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणाला. (हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. ऐकायला इतकं वाईट लागत असेल याची कल्पना नव्हती.) आता हँडल छप्पन्नचं झालं आहे आणि घंटीला जागाच उरलेली नाही.

काल तुझी भावजय स्वतः सायकलच्या दुकानात आली. तिनं माझीच टेप घेऊन माझे खांदे मोजले, हँडल मोजलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला सायकल चालवायची आहे, की तिला कोट शिवायचा आहे?"

सायकल घरी आली. आता बाहेरच्या खोलीत उभी आहे आणि मी जेवायला बसलो की माझ्याकडे बघते. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या गुडघ्याला सायकल फार चांगली म्हणतात. इकडे आलीस तर आपली आहेच.

ता. क. २. ताई, तू गुरुवारपर्यंत ये. ड्रेस शिवायला आले म्हणून सांग. मला सायकल येत नाही. शाळेच्या मैदानावर तू हात सोडलास आणि मी सुटलो, तो उतार होता. तू इतक्या टाळ्या वाजवल्यास की मला खरं सांगवेना. पुढे मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तिला सांगून बसलो, की रोज दहा मैल सायकल मारतो. तिला हे कळलं तर या वयात मी कुठे तोंड लपवू? मागून कॅरिअर धरायला तूच हवीस.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. पाकीट न चिकटवताच पोस्टात टाकायला दिलं, म्हणून वाचलं. ह्यांना सायकल येत नाही हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. म्हणूनच तळ्याचं काढलं, हे नाही म्हणतील या भरवशावर. मी रोज सकाळी सायकल हातात धरून मैदानापर्यंत चालत जाते आणि चालत परत येते. अजून बसायचं धाडस झालेलं नाही. ह्यांना इतक्यात काही सांगू नका. धरायला दोन माणसं लागतील, भावोजींनाही घेऊन या.