मांडवातून तू उठून गेलास ते

बाबा, तुला जाऊन आठ वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार. तू काय आता उठून कानाखाली देणार आहेस?

पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे, पोरगी झाई गावची. काल लग्न लावणारी धवलेरी म्हातारी घरी आली. ओटीवर टेकली आणि सरळ विचारलं, "आईबापाचं लागलंय का? आधी त्यांचं, मग पोराचं." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तुम्ही दोघं एवढी वर्षं एका चुलीवर जेवलात, मी झालो, पण लग्न काय लावलं नाहीत. कैनाडच्या आपल्या पाड्यात बऱ्याच जणांचं असंच असतं, पुढे सवडीने लावतात. तू पुढे पुढे करत मेलास. आता म्हातारी म्हणते, आईने पोराला हळद लावायची नाही, बाहेर बसायचं.

तू म्हणायचास, "देवाला ठाऊक आहे ही माझी बायको. त्याला काय पत्रिका पाठवू?" लोक हसायचे, मी पण हसायचो. आई नाही हसायची. तिच्या देवाला चार माणसं समोर लागायची.

मग तलासरीला तुमच्यासारख्या लग्न राहिलेल्या जोडप्यांची एकत्र लग्नं होती. मी नववीत नापास होऊन घरी बसलेलो. यादीत तुमची नावं टाकून आलो आणि तुला म्हटलं, जेवण फुकट आहे, चल. माईकवर तुझं नाव पुकारतात. तोंडात पुरी धरून तू बघतोयस. शेजारचा काका ओरडतो, "ऊठ नवरदेवा, घोडा थांबलाय!" सगळा मांडव खदखदतो. आई उभी राहते, नवं पिवळं लुगडं नेसून. तू तिच्याकडे बघत पण नाहीस. माझ्या कानाखाली जाळ काढतोस. "बापाची मस्करी करतो?" आणि सरळ चिकूच्या वाडीत कामावर निघून जातोस. ती तिथेच उभी. त्याच वर्षी दिवाळीआधी तापाने तू गेलास, विषय संपला.

काल माझी होणारी बायको फोनवर म्हणाली, "आईंना बाहेर बसवणार तर मांडवच नको, कोर्टात सही करू." म्हातारी म्हणते देव कोपेल. आई म्हणते, "माझ्यापायी पोराचं मोडू नका." मला तिघींचं पटतं, तुझं एकट्याचं पटत नाही. मी म्हातारीला सांगून टाकलं, हळद आईच लावेल, नाहीतर तू येऊ नको. ती पदर झटकून "बघते" म्हणाली आणि गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगतो. ती मस्करी माझी नव्हती. नाव टाकायला आईने सांगितलेलं. "तुझी मस्करी म्हणून खपेल," म्हणाली. लुगडं नेसता नेसता परत म्हणाली, "नाही रे लग्नाला बसणार तो."

मी म्हटलेलं, बसेल.