दांड्याचं कुलूप

४ डिसेंबर १९४१, गुरुवार
गिरणीत नवं धान आलं. मी पाखडायला बसते तिथून धान ओततात तो खड्डा दिसतो. आज दोनदा तुंबला. दोन्ही वेळा नामदेव भाऊजीच उतरले. ह्यांचा सख्खा भाऊ, आणि तोच खड्डा. आधी दांडा ओढून धान वर चढवणारा डब्यांचा पट्टा थांबवला, मग दांड्याला दुपट्टा बांधला. दुपट्टा आहे तोवर आत माणूस आहे. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. गेल्या हंगामात ह्यांनीही बांधला होता.

७ डिसेंबर, रविवार
गिरणीचा सुखराम मिस्त्री विहिरीवर भेटला. वर्षभर एकच बोलणं. "वहिनी, मी माहा दुपट्टा समजून सोडला वो. यंत्राला तेल देताना माहा बी तिथंच ठेवला होता." सोडला आणि दांडा ढकलला, पट्टा चालू. हे आत.
मी घागर उचलली.
दोघांचे दुपट्टे सारखेच, लाल काठाचे. गोरेगावच्या बाजारात एकाच कोष्ट्याकडून मीच घेतले होते. एक ह्यांना, एक मिस्त्रीने मागवला म्हणून त्याला. कोष्ट्याकडे निळ्या काठाचाही होता की. हातात घेऊन परत ठेवला.
मिस्त्रीला हे ठाऊक आहे. बोलत नाही.

१० डिसेंबर, बुधवार
ह्यांच्या पेटीचं कुलूप काढलं. पेटी सुतळीने बांधली. आत तो दुपट्टा आहे, धुतलेला.
भाऊजींना म्हटलं, दुपट्टा नको, दांडा खांबाला कुलपाने बांधा आणि किल्ली कमरेला लावून उतरा. हसले. "काऊन वहिनी, खड्ड्यात चोर येऊन राहिले का?" मग माझ्याकडे पाहिलं आणि कुलूप घेतलं.
गिरणीच्या सेठना पटलं नाही. "बाई, चलती मिल में ताला? ताला तो बंद मिल को लगता है. हंगामात अपशकुन करता काय?"
मी म्हटलं, अपशकुन झाला तो दुपट्ट्यानेच झाला.
सेठ वळून निघाले. हो म्हणाले नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सुपात लाल धागा दिसला. दाणे टाकून तोच शोधत बसले. धागा नव्हताच.
मिस्त्रीने कोणाला न विचारता दांड्याला एक कडी बसवली, खांबाला एक. "पाय ना वहिनी, कुलूप बसते का."
बसतं.

१५ डिसेंबर, सोमवार
गिरणीतच लिहिते आहे, शिसपेन्सिलीने. हाताखाली सूप.
खड्डा तुंबला. भाऊजींनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि उतरले. जुन्या सवयीने वर दुपट्टाही बांधला.
बाहेर बैलगाड्यांची रांग. सेठ दोनदा येऊन गेले. "और कितना टाइम?" तिसऱ्यांदा माझ्यापाशीच आले. "ताले की दो चाबी होती है, बाई. दुसरी कुठं आहे?"
"घरी राहिली," म्हटलं.
"मग घरून आणा. ऑफिसच्या खिळ्याला टांगून ठेवू. काम अडायला नको."
मी उठले नाही.
ती दुसरी किल्ली माझ्या कमरेला आहे. लुगड्यातून टोचते. विहिरीत टाकावी म्हणते, पण भाऊजींची किल्ली खड्ड्यातच पडली तर? आणि ठेवली, तर उद्या मीच कोणाला देणार नाही कशावरून? निळा काठ हातात असताना लाल घेतलाच ना मी.
मिस्त्री दांड्यापाशी उभा आहे, पाठ दांड्याला लावून. सेठ परत येताना दिसतात.
खड्ड्यातून फावड्याचा आवाज येतो आहे. मोजते आहे. थांबला.
आवाज परत आला.