टेसाला वाचून दाखवलेल्या चिठ्ठ्या

डॉक्टर तुस्कानो साहेब,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, म्हणजे हे पत्र पोस्टात पडायचं नाहीच. पण चूक माझी आहे आणि तुम्हालाच सांगायची आहे.

माझी नात टेसा, नऊ वर्षांची. इकडे आखातात, अल कुसैसला तिला टायफॉइड झाला. हॉस्पिटलने बरी म्हणून घरी पाठवली, तरी पोरगी खाईना, उठेना. तिचा बाप जेसन नुसता मोबाइलमध्ये बघत बसला. मी म्हटलं, खलास, पुरे झालं, ठेव तो. वसईहून आणलेल्या तुमच्या चिठ्ठ्या काढल्या. माझ्या मोठ्या बहिणीला, सोफियाला, ताप होता तेव्हा तुम्ही रोज माणसाच्या हाती पाठवायचात, त्याच. "सोफिया बाळ, आज पेज संपव. सोफिया बाळ, आज खिडकीपर्यंत चाल." होत्या तशा, सोफियाच्या नावासकट, टेसाला वाचून दाखवल्या. डॉक्टरने लिहिलेलं आपण कशाला बदलायचं?

पोरगी उठली, चालली. परवा मला म्हणाली, "इनू, डॉक्टरांची चिठ्ठी आली का गं?" इंग्लिशशिवाय न बोलणारी पोर! मला इनू फक्त सोफिया म्हणायची. ती त्याच तापात गेली, तेव्हा मी सात वर्षांची होते.

आज मी चिठ्ठीतलं सोफियाचं नाव खोडलं, टेसा लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. पोरीने डोळे चोळले. "ग्रॅनी, आय ॲम हंग्री." मी सुटले.

मग तिने दाराकडे बघितलं. "व्हाय इज दॅट गर्ल क्रायिंग?"

दाराशी कोणी नव्हतं. तरी मी पेज दोन वाट्यांत वाढली. चालेल ना, साहेब?

तुमच्या पेशंटची धाकटी बहीण,
इनेज